उलटं अनुमोदन

एकोणीसशे सदुसष्ट साल. वैशाखातली सकाळ होती आणि मी शाळेच्या ऑफिसची जमीन सारवत होते. दुपारी समितीची बैठक होती. गोदूताई दाराबाहेर उभ्या होत्या, कारण ओल्या सारवणावर पाय ठेवायची सोय नव्हती.

"अनसूया, अगं शिक्षिका आहेस तू या शाळेची. झाडलोटीला येणाऱ्या सखूला सांगितलं असतंस तर तिनं सारवलं असतं."

"सखूचा हात पातळ आहे. चार दिवसांत पोपडे येतात."

"येईनात का. मंडळ फरशी घालणार आहे म्हणे."

मी हात थांबवला नाही. "आधी ठराव तर होऊ दे."

"होईल."

"आणि नाही झाला तर?"

"तर हौसाचं लग्न," ताई म्हणाल्या आणि चष्मा पुसत मागच्या खोलीकडे गेल्या.

वाकसडे हे आमचं गाव माणदेशात. पाऊस कमी, मेंढरं जास्त. गावातली निम्मी घरं घोंगड्या विणणाऱ्या सणगरांची. शाळा सातवीपर्यंत होती. सातवी झालेला मुलगा कुठेतरी मामाकडे, चुलत्याकडे राहून पुढे शिकायचा. मुलगी सातवी झाली की तिला बघायला पाहुणे यायचे. दत्तोबा सणगराची हौसा त्या वर्षी केंद्रात पहिली आली होती, आणि तिला पाहुणे बघूनही गेले होते.

आठवी काढायची तर मान्यता हवी, मान्यतेला प्रयोगशाळा हवी, बी. ए. बी. टी. मुख्याध्यापक हवा. आमच्या एकट्याच्या शाळेला हे झेपणारं नव्हतं. म्हणून जिल्ह्यातल्या अशाच छोट्या छोट्या शाळांनी मिळून सहकारी शिक्षण मंडळ काढलं होतं. प्रत्येक शाळेचा एक माणूस मंडळावर. शिक्षक मंडळाचे, सामान मंडळाचं, अडीनडीला सगळ्यांनी सगळ्यांच्या पाठीशी उभं राहायचं. मंडळात गेलो की जूनपासून आठवी.

फक्त एक होतं. मंडळ आपला मुख्याध्यापक पाठवणार, आणि जुन्या मुख्याध्यापकांना त्याच शाळेत ठेवायचं नाही असा मंडळाचा नियम होता. गोदूताई हर्डीकर जुन्या काळातल्या, ट्रेनिंग झालेल्या शिक्षिका. पदवी नव्हती. त्यांना घाटमाथ्यावर हेळंबला पाठवायचं ठरत होतं, तिथे मंडळ नवी प्राथमिक शाळा काढणार होतं. आमच्या गावाहून दोनदा एस.टी. बदलली तरी शेवटचा टप्पा पायी.

शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत ताई आणि मी राहत होतो. नवऱ्यानं मला परत आणून सोडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. भावानं दार उघडलं, पण उंबऱ्यात उभा राहून. गोदूताई रस्त्यानं चालल्या होत्या. थांबल्या, माझी ट्रंक एका बाजूनं उचलली आणि म्हणाल्या, "दुसरी कडी तू धर." तेवढंच. त्यांनी मला शिकवलं, ट्रेनिंगला पाठवलं, शाळेत घेतलं. रात्री आम्ही एकाच कंदिलाच्या दोन बाजूंना बसायचो. त्या वह्या तपासायच्या, मी काहीतरी शिवत किंवा वाचत असायचे. त्यांना बोलायची फार सवय नव्हती. अधूनमधून म्हणायच्या, "वात वर कर गं, दिसत नाही." माझ्या आयुष्यात घर म्हणून जे काही झालं, ते तो कंदील.

तुमच्याबरोबर मीही हेळंबला येते, असं मी म्हणून पाहिलं होतं.

"आणि आठवीच्या मुलींना कोण सांभाळणार? नवा माणूस येईल तो परका. सणगराच्या बायका त्याच्याशी बोलायच्या नाहीत, त्या तुझ्याशी बोलतील," ताई म्हणाल्या.

आता आमच्या समितीची एक रीत सांगायला हवी. शाळा काढली ती भिकाजी मास्तरांनी. मोठे विक्षिप्त गृहस्थ. मी त्यांना पाहिलं ते शेवटच्या आजारपणात. त्यांचं म्हणणं असं, की ठरावाचा सूचक कोणीही होईल, पण अनुमोदन त्यानंच द्यायचं ज्याचं त्या ठरावानं काही जाणार आहे. तो उभा राहिला नाही तर ठराव बारगळला. उभा राहिला तर समितीनं त्याला विचारायचं, तुम्हाला काय पाहिजे? तो मागेल ते एक द्यायचं. आणि तुमचं काय जातं, असं मात्र कोणी विचारायचं नाही. गावात याला उलटं अनुमोदन म्हणत आणि हसत. पण पाळत. शाळेला कुंपण घालायचं ठरलं तेव्हा दत्तोबा उभा राहिला होता, कारण त्याच मोकळ्या जागेत सणगर विणायच्या धाग्यांचा ताणा पसरून त्याला खळ लावायचे. "अनुमोदन," म्हणाला, आणि मागितली ती देवळामागची पट्टी. अजूनही ताणे तिथेच पसरतात.

तेव्हा या बैठकीत कोण उभं राहणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्यांची शाळा जाणार त्या गोदूताई. पाणक्यासुद्धा मला आडावर म्हणाला होता, "ताईंनी म्हातारपणी ही आठवी कशाला वढून घेतली वो?"

माझी सगळी आशा हिराशेठवर होती; ते विरोध करणार असं कानावर आलं होतं.

दुपारी मंडळी आली. अध्यक्ष अप्पासाहेब जगदाळे, लोकरीचे व्यापारी हिराशेठ शहा, दत्तोबा, ताई, आणि शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी. पाच जण, एक सतरंजी. सारवण वाळलं होतं. अप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बोला शेठ. तुमच्या पोटात दुखतंय असं ऐकलं."

"दुखतंय तर दुखतंय," हिराशेठ म्हणाले. "अप्पा, ही शाळा आपण लोकरीच्या गाडीमागं चार आणे काढून उभी केली. आता पोरगी मोठी झाली, दिसायला लागली, तर द्यायची दुसऱ्याच्या घरात?"

"पोरगी दुसऱ्याच्याच घरात देत्यात शेठ," दत्तोबा म्हणाला. "तुमी तुमच्या तीन दिल्या की."

"अरे, त्या देताना मुलगा बघून दिल्या. इथं मुख्य मास्तर कोण येणार, काळा का गोरा? मंडळ पाठवील तो. उद्या तो म्हणाला, सणगराच्या पोरांनी मागं बसा, तर?"

"तर मंडळात आपला माणूस हाय की बोलायला."

"एक! बाकी सगळ्या शाळांचे एका बाजूला आणि आपला एक."

मी मनात म्हणत होते, बोला शेठ, अजून बोला. मी खाली बघत बसले होते. माझ्याच बोटांचे अर्धगोल सारवणावर उमटलेले होते, एकात एक.

अप्पा सगळ्यांना बोलू देत. त्यांनी सुपारी कातरली, दत्तोबाला दिली, शेठना दिली. "शेठ, एक सांगा. तुमची नात आता कितवीत?"

"पाचवीत."

"हुशार?"

"बेरजा माझ्या आधी करते."

"मग दोन वर्सांनी तिला कुठं धाडणार?"

शेठनी सुपारी गालात फिरवली. बराच वेळ फिरवली. "तुम्ही असले वकिली प्रश्न विचारता अप्पा, म्हणून मी बैठकीला येत नाही," ते शेवटी म्हणाले. "लिहा. माझा विरोध नाही."

तिथे माझी आशा संपली. म्हणजे मला तसं वाटलं.

"सूचक कोण?" अप्पांनी विचारलं.

"मी," गोदूताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. अप्पा हसले. "ताई, तुमचं काहीतरी चुकतंय. तुमी अनुमोदक. सूचक दत्तोबा होईल."

"का बरं? मला फायदा आहे. माझ्या मुली आठवीत जातील. वीस वर्षं त्या मला सातवीनंतर डोक्यावरून पदर घेऊन आडावर भेटतात. मी सूचक."

"आन् अनुमोदन?"

"ज्याचं जातं तो देईल."

"तुमचंच जातंय की ताई! शाळा तुमची, खोली तुमची, गाव तुमचं."

"शाळा गावाची. खोली शाळेची. आणि गाव म्हणाल तर मी मूळची वाईची." ताईंनी चष्मा काढला आणि पदराला पुसायला लागल्या. "हेळंबला मुलं आहेतच. मला काय, खडू हातात असला की झालं. माझं काही जात नाही, अप्पा."

दत्तोबा मान खाली घालून बसला होता. त्याची हौसा शिकणार होती, तो कशाला उभा राहील? शेठ म्हणाले, "मी उभा राहतो वाटल्यास. बैठकीचा फुकटचा चहा जाईल माझा." कोणी फारसं हसलं नाही.

"माझं अध्यक्षपण जाईल," अप्पा म्हणाले. "मी देतो अनुमोदन."

"अप्पा, दर वर्षी तुम्ही राजीनामा लिहून आणता आणि आम्ही तो फाडतो," ताई म्हणाल्या. "हे तुमचं जाणं नव्हे, सुटणं आहे. भिकाजी मास्तरांनी चालवून घेतलं नसतं."

"मग ठराव पडला म्हणायचा का?"

"थोडं थांबा," ताई म्हणाल्या.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. चष्म्याची एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होत्या. एवढी पुसायला तिला काही लागलेलंही नव्हतं.

मला तोवर वाटत होतं, की माझं जे काय होणार ते मला एकटीलाच ठाऊक आहे. मी ते कुणाला बोलले नव्हते. बोलायचं तरी काय आणि कोणत्या नात्यानं? त्या माझ्या कुणी आई नव्हत्या, बहीण नव्हत्या. मास्तरीण आणि तिची हाताखालची शिक्षिका. एकीची बदली झाली की दुसरीनं हार घालायचा आणि नारळ द्यायचा, एवढंच नातं जगाला दिसत होतं. आणि या बाईनं समितीपुढं, नाव न घेता, सांगून टाकलं होतं, की इथे या सगळ्यांत जास्त कुणाचं जातंय ते मला माहीत आहे.

मी बसून राहिले असते तर ठराव बारगळला असता. कुणी मला विचारलंही नसतं. ताई राहिल्या असत्या, कंदील राहिला असता. हौसाला अक्षता टाकायला आम्ही दोघी बरोबर गेलो असतो. आणि परत येताना ताई रस्त्यात एक शब्द बोलल्या नसत्या.

मी उभी राहिले.

"अनुमोदन," मी म्हणाले. आवाज आला की नाही तेही कळलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

अप्पांच्या भुवया वर गेल्या. "बाई, तुमचं? तुमचा तर पगार वाढंल. तुमचं काय—"

"अप्पा," दत्तोबा मध्येच म्हणाला. "रीत हाय. इचारायचं न्हाई."

अप्पा थांबले. एकदा माझ्याकडे आणि एकदा ताईंकडे बघितलं, आणि मांडीवरचं पागोटं उगाच सारखं केलं. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बरं. बसा बाई. तुमाला काय पाहिजे ते मागा. रीत तीबी हाय."

काय मागायचं होतं मी? जे हवं होतं ते नुकतंच दिलं होतं.

"हेळंबला थंडी आणि पाऊस फार," मी म्हणाले. "ताईंना एक घोंगडी द्या. चांगली."

"काळ्याभोर लोकरीची देतो," दत्तोबा म्हणाला. "पावसाचा थेंब आत जायचा न्हाई. हातानं विणतो."

शेठनी खिशातून रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं आणि म्हणाले, "लोकर माझ्याकडची घे रे. तुझ्याकडची जाडी असते."

ताईंनी चष्मा घातला आणि ठराव लिहायला घेतला.

त्या रात्री आम्ही नेहमीसारख्या बसलो. परीक्षा संपल्या होत्या, तपासायला वह्या नव्हत्या. तरी ताईंनी पुढ्यात एक पुस्तक उघडून ठेवलं होतं. पान काही उलटत नव्हतं. शेवटी मीच विचारलं.

"ताई, खरंच तुमचं काही जात नाही?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"वात वर कर गं," त्या म्हणाल्या. "दिसत नाही."

मी वात वर केली. काच काळी होईपर्यंत वर केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या. स्टँडवर अर्धं गाव आलं होतं. भर उन्हात त्यांच्या खांद्यावर ती काळी घोंगडी, आणि शेठ म्हणताहेत, "ताई, हेळंब येईपर्यंत उकडून मराल, ट्रंकेत टाका." त्यांनी टाकली नाही. त्यांच्या ट्रंकेला दोन कड्या होत्या. एक त्यांनी धरली, दुसरी मी. टपावर चढवायला कंडक्टरनं ती आमच्या हातांतून घेतली, तेव्हा माझा हात काही क्षण तसाच वर राहिला. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "सखूचा हात पातळ आहे हे खरं. पण तिला शिकव. तू सगळं एकटीनं करत बसू नकोस." गाडी हलली. मी मान डोलावली. आणि नंतरची सगळी वर्षं मी सगळं एकटीनं करत बसले.

आठवी निघाली, मग नववी, दहावी, अकरावी. मंडळानं फरशीही घातली. कंदिलाच्या दुसऱ्या बाजूला मी काही दिवस वह्यांचा गठ्ठा ठेवत असे, म्हणजे तिथे काहीतरी असावं. पुढे गावात वीज आली आणि तोही प्रश्न मिटला. विजेच्या दिव्याला बाजू नसतात.

अप्पासाहेबांनी त्या वर्षी राजीनामा दिला, आणि तो कोणी फाडला नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं. तीन-चार वर्षांनी ते गेले. हिराशेठ सांगलीला मुलाकडे राहायला गेले. त्यांची नात मॅट्रिकला तालुक्यात पहिली आली तेव्हा त्यांनी सगळ्या शाळेला पेढे पाठवले आणि वर निरोप, की माझा विरोध नव्हता हे लिहून ठेवलंय ना? मंडळानं पाठवलेला मुख्याध्यापक, ज्याला आम्ही इतके घाबरत होतो, तो निघाला एक लाजरा तरुण माणूस. सणगरांच्या बायकांशी बोलताना तोच घामाघूम व्हायचा. दत्तोबाचा माग त्याच्या मागे बंद झाला. त्याची हौसा परिचारिका झाली, मिरजेच्या दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर पोचली, निवृत्त झाली. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन तिनंच करवून घेतलं. अजूनही मला "बाई" म्हणते आणि माझ्यासमोर पाय लांब करून बसत नाही.

ताईंची आणि माझी भेट वर्षातून एकदा, मंडळाच्या सभेत व्हायची. शाळावार बसायचं असे. मी वाकसड्याच्या रांगेत, त्या हेळंबच्या. मध्ये बऱ्याच रांगा. जेवणाच्या वेळी भेटलो की त्या विचारायच्या, पट किती? गळती किती? सखू कशी आहे? मी सांगायचे. मग त्यांची गाडी लवकरची असायची. पत्रं येत, ती पोस्टकार्डावर, चार ओळींची. त्यांत पावसाचं असे, शाळेचं असे, घोंगडी उत्तम आहे असं असे. त्या पुढे हेळंबलाच राहिल्या, निवृत्तीनंतरही, आणि तिथेच एका श्रावणात गेल्या. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता.

त्यानंतर महिन्याभरानं हेळंबच्या समितीतले एक म्हातारे गृहस्थ, कोंडिबा शेलार, शोधत शोधत माझ्या खोलीवर आले. काखेत घोंगडी. कडेनं विरली होती, पण काळा रंग तसाच होता.

"ताई म्हणाल्या व्हत्या, ही वाकसड्याच्या बाईंची. पोचती करा."

मी घोंगडी घेतली. मांडीवर ठेवली. तिला घाटातल्या पावसाचा वास येत होता.

कोंडिबांना बोलायची हौस होती. ताईंनी शाळा कशी वाढवली, ओढ्यावर साकव कसा घालून घेतला, सगळं सांगितलं. "आन् आमच्या समितीत त्यांनी एक रीत पाडली. उलटं अनुमोदन म्हणून. आमाला पहिल्यांदा खुळचटपणा वाटला."

"आमच्याकडचीच ती," मी म्हणाले. "भिकाजी मास्तरांची."

"व्हय, सांगितलं त्यांनी. पन आमच्याकडं त्यांनी आनखी एक कलम घातलं. म्हणाल्या, बैठकीत जर कोण म्हणला, माझं काही जात नाही, तर त्याच्यावर इस्वास ठेवू नका. त्याला दुसऱ्यांदा इचारा."

मी घोंगडीची विरलेली कड बोटांत धरून बसले होते.

"आमी म्हटलं, असं का वो ताई? तर काय उत्तर द्यावं?" कोंडिबा हसायला लागले. "म्हणाल्या, जरा वात वर करा, दिसत नाही. आता बोला! भर दुपार व्हती वो बाई. ऊन पडलं व्हतं लख्ख."

ते हसले म्हणून मीही हसले. मग त्यांच्यासाठी चहा ठेवते म्हणून घोंगडी तशीच घेऊन आत गेले, आणि बराच वेळ आतच राहिले.